पाठ दुखते म्हणणारं मूल

जूनचा शेवट होता, पेरण्यांची धांदल चालली होती. सांगलीजवळच्या एका खेड्यातले शेतकरी आपल्या १४ वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत आले. वडील खुर्चीवर बसले, मुलगा उभाच राहिला. "बस की," असं वडील दोनदा म्हणाले, तसा तो भिंतीला खांदा लावून उभा राहिला. कमरेपासून वरचं अंग एका बाजूला कललेलं. वडील म्हणाले, "मॅडम, महिना झाला नुसतं पाठ-पाठ करतंय. शाळा सुरू झाल्यापासून तर जास्तच. नाटक करतंय का खरंच काही आहे, तेवढं बघा."

मी टेबलावरचा पेन खाली पाडला आणि त्याला उचलून द्यायला सांगितला. तो वाकला नाही. एक हात मांडीवर रोवून, पाठ फळीसारखी ताठ ठेवून, गुडघ्यांत बसत खाली गेला आणि तसाच वर आला. मग त्याला उताणा झोपवून उजवा पाय सरळ उचलला. पाय वीतभर वर गेला असेल नसेल, त्यानं चादर मुठीत आवळली. ओरडला मात्र नाही. त्याचे डोळे वडिलांकडे लागले होते.

हळूहळू उलगडा झाला. मे महिन्यात ट्रॉलीतून युरियाची पोती उतरवायची होती. एक पोतं ४५ किलोचं. "तुझ्याच्यानं व्हायचं नाही," असं वडील म्हणाले होते आणि ते पाठमोरे होताच यानं एक उचललं. कमरेत काहीतरी कट्कन वाजलं. सांगायचं कुणाला? सांगितलं तर बोलणी खावी लागणार. शाळा सुरू झाली, बाकावर तासन्‌तास बसणं आलं, आणि दुखणं लपेनासं झालं. एमआरआयमध्ये दिसलं ते असं : कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी मागे सरकून नसेवर दाब देत होती, आणि तिच्याबरोबर मणक्याच्या कडेचा हाडाचा एक छोटा कपचाही निघालेला होता.

रिपोर्ट ऐकून वडील बराच वेळ गप्प बसले. मग एवढंच म्हणाले, "या वयात?"

हे पुस्तक त्या दोन शब्दांचं उत्तर आहे.

पंचवीस वर्षं मी लोकांच्या पाठी बघते आहे. मोठ्या माणसाची पाठ दुखली की घर लगेच कामाला लागतं. कुणी शेक देतं, कुणी पट्टा आणून देतं, तर कुणी पायाळू माणूस शोधून उसण काढायला नेतं. मूल पाठ दुखते म्हणालं, की मात्र त्याच घराला हसू येतं. 'तुला कुठे आलीय पाठ?' हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकानं लहानपणी ऐकलेला आहे. पाठदुखी म्हणजे वयाचं देणं, आणि मुलाचं वयच नाही, असा हा साधा हिशेब. तो चुकीचा आहे. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १२ ते ४१ वर्षं वयाच्या २९,४२४ व्यक्तींचा अभ्यास करून १९९८ साली निष्कर्ष मांडले. मुली १८ व्या वर्षापर्यंत आणि मुलगे २० व्या वर्षापर्यंत पोचतात, तोवर निम्म्याहून अधिक जणांना कंबरदुखीचा निदान एक झटका येऊन गेलेला असतो. म्हणजे पाठदुखीची सुरुवात चाळिशीत होत नाही. ती शाळेच्या बाकावरच होते, फक्त तिथे तिला कुणी विचारत नाही.

दुसऱ्या टोकाचीही माणसं माझ्याकडे येतात. गेल्या काही वर्षांत एमआरआय तालुक्याच्या गावापर्यंत पोचलं, आणि त्याचबरोबर एक नवी भीतीही पोचली. १९ वर्षांची एक मुलगी कथक शिकत होती. आठवडाभर कंबर दुखली म्हणून कुणीतरी एमआरआय करायला सांगितला. रिपोर्टात एका गादीला थोडा फुगवटा असल्याचं लिहिलं होतं. त्या एका ओळीवरून तिचा नाच बंद झाला, तिनं पाण्याची कळशी उचलायची नाही असं ठरलं, आणि सहा महिन्यांनी ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या आईनं दार लोटून घेत हळू आवाजात विचारलं, "मॅडम, स्थळं बघतोय. हे सांगावं लागेल का?" मुलीचं दुखणं तर केव्हाच गेलं होतं. राहिली होती ती प्लॅस्टिकच्या पिशवीतली फिल्म, आणि 'तुझ्या मणक्यात गॅप आहे' हे वाक्य.

काहीही दुखत नसलेल्या माणसांचे एमआरआय काढून पाहिले, तर विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज आणि ३० टक्के लोकांत फुगवटा दिसतो. अनेक अभ्यास एकत्र करून २०१५ साली मांडलेले हे आकडे आहेत. डेन्मार्कमध्येच १३ वर्षांच्या मुलांचे एमआरआय काढले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश मुलांच्या गाद्यांत झिजेच्या खुणा आढळल्या होत्या. हाताच्या रेषा जशा प्रत्येकाच्या निराळ्या, तसे कण्याचे हे बारकावेही निराळे. चित्रात दिसलेली प्रत्येक गोष्ट दुखण्याचं कारण नसते. आणि ज्याला खरंच दुखतंय त्याचं चित्र स्वच्छ आलं, म्हणून त्याचं दुखणं खोटंही ठरत नाही.

अविश्वास आणि भय, या दोहोंच्या मध्ये उभं राहून हे पुस्तक लिहिलं आहे. मुलानं 'पाठ दुखते' म्हटलं तर ते खरं माना, नीट तपासा, आणि तपासून झाल्यावर त्याला उगाच आयुष्यभराचा रोगी करू नका. माझं सांगणं इतकंच आहे. बाकीची पानं हे तिन्ही कसं करायचं, यासाठी खर्ची घातली आहेत.

त्यासाठी आधी कणा समजून घ्यायला हवा. जन्मतः आपल्या कण्यात ३३ मणके असतात. मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५. त्याखालचे ५ पुढे जुळून एकच त्रिकास्थी होतं आणि शेवटचे ४ जुळून माकडहाड. मणक्यांच्या मध्ये मिळून २३ गाद्या. गादी हा आपल्या बोलीतला शब्द फार चपखल आहे. बाहेरून कांद्याच्या पापुद्र्यांसारखे चिवट तंतूंचे थर आणि आत ओलसर, गोळीबंद गर. मुलांच्या गरात ८० टक्क्यांहून अधिक पाणी असतं. दिवसभराच्या भाराखाली त्यातलं थोडं पाणी बाहेर जातं आणि रात्री आडवं झाल्यावर परत शोषलं जातं. याचा पडताळा घरच्या भिंतीवर घेता येतो. मुलाला सकाळी उठल्या उठल्या भिंतीशी उभं करून डोक्यावर पेन्सिलीनं खूण करा, रात्री झोपण्याआधी पुन्हा करा. दोन खुणांत सेंटिमीटरभर अंतर पडतं. ते अंतर म्हणजे गाद्यांनी दिवसभर केलेलं काम.

वय वाढतं तशा गादीतल्या बारीक रक्तवाहिन्या नाहीशा होतात. ही प्रक्रिया बालपणातच सुरू होते. त्यानंतर गादीला पोषण मिळतं ते वरच्या-खालच्या मणक्यांच्या पृष्ठभागातून झिरपून. हालचालीनं या देवाणघेवाणीला मदत होते. म्हणूनच पाठ दुखते म्हणून मुलाला पंधरा-पंधरा दिवस अंथरुणावर झोपवून ठेवणं हा उपचार होत नाही. तीव्र कळ असेल तर एक-दोन दिवसांची विश्रांती ठीक, पण त्यानंतर सोसवेल तेवढी हालचाल सुरू व्हायला हवी.

मुलाच्या आणि मोठ्याच्या कण्यात एक मोठा फरक आहे, आणि युरियाचं पोतं उचलणाऱ्या मुलाच्या वडिलांच्या 'या वयात?'चं उत्तर त्यातच सापडतं. वाढत्या वयात मणक्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला कूर्चेचं एक कडं असतं. डॉक्टर त्याला रिंग ॲपोफिसिस म्हणतात. गादीचे तंतू या कड्यात रुजलेले असतात. हे कडं हळूहळू हाडाचं होत जातं आणि मुख्य मणक्याशी पूर्णपणे जुळायला साधारण १८ वं वर्ष उजाडतं, काहींच्या बाबतीत त्याहून जास्त काळ लागतो. तोवर मुलाची गादी चिवट असते, पण ती ज्याला धरून असते ते कडं कच्चं असतं. अचानक मोठा भार आला, उंचावरून बुडावर आपटणं झालं किंवा पिळवटणारा झटका बसला, की गादीबरोबर कड्याचा तुकडाही सुटून मागे सरकतो. मोठ्या माणसाची गादी बहुधा झिजत झिजत फाटते. मुलाच्या बाबतीत बरेचदा एखादा नेमका दिवस असतो, एखादी नेमकी घटना असते, आणि ती मूल लपवून ठेवतं.

लक्षणंही वेगळी असतात. मोठा माणूस 'कमरेतून पायाच्या अंगठ्यापर्यंत चमक जाते' असं सांगतो. मूल असं काही सांगत नाही. ते धावायचं सोडतं, बसताना एकाच कुल्ल्यावर बसतं, मोजे घालायला आईला बोलावतं, बाजूला कलून चालतं. पायातली ताकद बहुतेक वेळा शाबूत असते, पण पाठ आणि मांडीमागचे स्नायू दोरीसारखे ताणलेले असतात. म्हणून 'ताकद तर चांगली आहे' एवढ्यावर समाधान मानून त्याला परत पाठवलं जातं.

वैद्यकशास्त्रालाही हे उशिराच उमगलं. सरकलेली गादी नस दाबते आणि त्यातून सायटिका होते, हे बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यचिकित्सकांनी १९३४ साली सप्रमाण मांडलं. त्याआधी अशा गाठींना कूर्चेचे ट्यूमर समजलं जाई. १२ वर्षांच्या मुलावर अशा गादीची शस्त्रक्रिया झाल्याची नोंद १९४५ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून अशी मुलं जगभर नोंदली गेली आहेत. गादीसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या एकूण रुग्णांत त्यांचं प्रमाण फार थोडं आहे. पण थोडं म्हणजे शून्य नव्हे, हे पोतं उचललेल्या त्या मुलाच्या वडिलांना समजावताना मला शब्द शोधावे लागले होते.

गादी हा या पुस्तकाचा मध्यवर्ती विषय असला, तरी मुलांच्या पाठदुखीतली ती एक वाट आहे. बहुसंख्य मुलांच्या दुखण्याला असं बोट ठेवता येईल असं कारण सापडत नाही. ते स्नायूंचं, थकव्याचं, अपुऱ्या झोपेचं, कधी मनावरच्या ताणाचं दुखणं असतं आणि काही आठवड्यांत निघून जातं. पण कारण सापडतं तेव्हा ते ओळखावंच लागतं. खेळणाऱ्या मुलांत मणक्याच्या मागच्या कमानीला बारीक तडा जातो. मागे वाकल्यावर दुखणं ही त्याची खूण. जलदगती गोलंदाज, जिम्नॅस्ट, मल्लखांब खेळणारी मुलं यांच्यात हे जास्त दिसतं. ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली १९७३ साली याच तड्यांनी खेळापासून दूर गेला आणि मोठ्या चिकाटीनं परतला. आपला जसप्रीत बुमराह २०१९ मध्ये पाठीच्या अशाच दुखापतीनं बाहेर बसला आणि २०२३ मध्ये त्याला शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. त्यांच्याभोवती डॉक्टरांचं पथक होतं. शाळेकडून, क्लबकडून आणि क्लासकडून एकाच आठवड्यात गोलंदाजी करणाऱ्या १५ वर्षांच्या मुलाची षटकं मात्र कुणीच मोजत नाही. प्रत्येक प्रशिक्षकाला फक्त आपल्याकडची षटकं माहीत असतात.

१२ ते १७ या वयात पाठीला पोक येतं तेव्हा घरचे 'ताठ बस' म्हणून धपाटा घालतात. काही मुलांचं पोक सवयीचं असतं, ते सांगितल्यावर सरळ होतं. काहींचे मणके मात्र पुढच्या बाजूनं पाचरीसारखे निमुळते होत गेलेले असतात. हा आजार डेन्मार्कच्या होल्गर शॉयरमान यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी वर्णन केला आणि त्यांच्याच नावानं तो ओळखला जातो. अशा मुलाला कितीही धपाटे घातले तरी ते ताठ बसू शकत नाही. कणा बाजूला वळण्याचा, म्हणजे स्कोलिओसिसचा, प्रकार वेगळा. मूल पाय जुळवून पुढे वाकलं की एका बाजूच्या बरगड्या उंच दिसतात. ही एका मिनिटाची तपासणी कोणत्याही शिक्षिकेला करता येते.

आता क्षयाबद्दल. हा भाग लिहिताना हात जड होतो. नऊ वर्षांची एक मुलगी दोन महिन्यांच्या पाठदुखीनं माझ्याकडे आली होती. दप्तर जड, शाळा लांब, बसण्याची पद्धत वाईट. मला कारण समोर दिसत होतं, आणि समोर दिसतंय म्हणून मी पुढे पाहिलं नाही. व्यायाम दाखवून घरी पाठवली. महिन्यानं आई तिला परत घेऊन आली. मी पाठीवरून हात फिरवला तेव्हा मधोमध एक मणका टोकासारखा बोटांना लागला. आई म्हणाली, "रात्री झोपेत दचकून रडती. सकाळी विचारलं तर आठवत नाही म्हणती." झोपेत स्नायूंची पकड सैल होते, दुखरा मणका हलतो, आणि मूल जागं न होता रडतं. मणक्याच्या क्षयाची ही जुनी खूण मी पुस्तकात वाचलेली होती, परीक्षेत लिहिलेलीही होती. पहिल्या भेटीत मी फक्त एक प्रश्न विचारायला हवा होता, आणि तो मी विचारला नाही.

ती मुलगी बरी झाली. वर्षाहून जास्त काळ औषधं घेतली, पाठीवरची किंचित उंची तेवढी राहिली. मणक्याच्या क्षयाचं वर्णन लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ सालीच करून ठेवलं आहे. हाडांच्या क्षयातला जवळपास निम्मा क्षय कण्यात होतो, आणि आपल्या देशात तो अजून ठाण मांडून आहे. औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात, पोषणासाठी दरमहा १००० रुपयेही मिळतात. कमी पडते ती वेळेवर आलेली शंका. या पुस्तकातलं धोक्याच्या खुणांचं प्रकरण मी त्या मुलीला समोर ठेवून लिहिलं आहे. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, वजन घटणं, पाच वर्षांच्या आतल्या मुलाची पाठदुखी, दिवसेंदिवस वाढत जाणारी कळ, पायातली ताकद कमी होणं : यांपैकी एकही गोष्ट असली तर थांबू नका. आणि लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, बसण्याच्या जागी बधिरता येणं, हे दिसलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठा. मुलाला 'बधिर' हा शब्द कळत नाही. 'सायकलच्या सीटवर बसल्यावर सीट नीट लागते का?' असं विचारा.

दप्तराचा विषय टाळून या पुस्तकाला पुढे जाता येणार नाही. मुलाच्या पाठीचं नाव काढलं की आपण सगळे दप्तराकडे बोट दाखवतो. आर. के. नारायण राज्यसभेत असताना याच ओझ्याबद्दल बोलले, आणि पुढे यशपाल समितीनं १९९३ मध्ये ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला. महाराष्ट्र शासनानं २०१५ मध्ये दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावं असा निर्णय काढला. २०१६ साली चंद्रपूरच्या सातवीतल्या दोन मुलांनी पत्रकार परिषद घेऊन आपल्या दप्तराचं ओझं जगाला सांगितलं. मोठ्यांनी करायचं काम त्या मुलांनी केलं, म्हणून ती बातमी मी अजून कापून ठेवली आहे. २०२० च्या केंद्रीय धोरणात पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो, तर नववी-दहावीसाठी २.५ ते ४.५ किलो अशी इयत्तावार मर्यादा घालून दिली आहे. ही मर्यादा पाळलीच पाहिजे. दमलेल्या मुलाला आणखी दमवण्याचा कुणालाही अधिकार नाही.

तरी या विषयावरचा पुरावा सरळ सांगते. २०१८ मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा दप्तराच्या वजनामुळे मुलांना पाठदुखी जडते असा खात्रीलायक पुरावा मिळाला नाही. दप्तर हलकं केलं म्हणजे मुलाच्या पाठीची जबाबदारी संपली, असं समजणं म्हणूनच घातक आहे. त्या नऊ वर्षांच्या मुलीच्या वेळी माझी नजर दप्तरावरच अडली होती.

आणि ओझं मोजायचंच, तर सगळंच मोजू. मराठवाड्यातून दर हंगामात ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांतली मुलं उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढतात. उन्हाळ्यात टँकरच्या गावांतल्या मुली शाळेआधी हंड्यांच्या खेपा घालतात. १५ लिटरचा हंडा म्हणजे पाण्याचेच १५ किलो. या मुलांच्या पाठीवर दप्तर जेमतेम असतं, म्हणून त्यांची पाठ कोणत्याच धोरणात येत नाही. त्यांच्यासाठी या पुस्तकात वेगळं प्रकरण आहे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

मुलं मोठी होतात तसं ओझ्याचं रूप बदलतं. आमच्या भागात पहाटे चारला रस्त्यावर भरतीची पोरं पळताना दिसतात. पोलीस भरतीचे १६०० मीटर, गोळाफेक, त्यात घरचं रान आणि दूध घालणं. यातल्या कित्येकांची कंबर महिनोन्‌महिने दुखत असते. पण मेडिकलमध्ये अडकू या धास्तीनं कुणी डॉक्टरकडे जात नाही. मित्रानं दिलेल्या वेदनाशामक गोळीवर सराव चालतो, आणि काही महिने विश्रांती दिली असती तर भरून आला असता असा तडा वाढत जातो. दुसरीकडे पुण्याच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली दहा-बारा तास एकाच खुर्चीत बसतात. जेवण डब्याचं, झोप पाच तासांची, वरून निकालाची टांगती तलवार. त्यांच्या पाठीचा एक्स-रे काढला तर बहुधा त्यात काहीच सापडत नाही. तरी त्यांची पाठ दुखते, आणि ती खरंच दुखते. झोप, चालणं आणि कुणाशी तरी मनमोकळं बोलणं हे त्यांच्या औषधाचे तीन मोठे भाग आहेत. हे मी सांत्वन म्हणून सांगत नाही, उपचार म्हणून सांगते.

उपचारांच्या भागात मी कुठलीही जादू सांगितलेली नाही. गादी सरकलेल्या मुलांनाही आधी काही आठवडे औषधं, मोजकी विश्रांती आणि टप्प्याटप्प्यानं व्यायाम दिला जातो. मोठ्यांच्या तुलनेत मुलांत या उपायांनी आराम पडण्याचं प्रमाण काहीसं कमी असतं, विशेषतः हाडाचा कपचा निघालेला असेल तेव्हा. अशा वेळी शस्त्रक्रियेची गरज पडली तर घाबरून जाऊ नये. 'कमरेचं ऑपरेशन केलं की माणूस अंथरुणाला खिळतो' हे वाक्य आपल्याकडे घरोघर ऐकू येतं. योग्य कारणासाठी, योग्य हातांनी झालेल्या या शस्त्रक्रियेनंतर बहुतेक मुलं चालती-फिरती होतात, शाळेत जातात. पुढे काहींना पुन्हा त्रास होऊ शकतो, हेही लपवायचं कारण नाही. पट्टा काही दिवसांचा आधार म्हणून ठीक आहे, त्याची सवय लागू देऊ नये. एक विनंती मात्र हात जोडून करते : निदान झाल्याशिवाय मुलाची पाठ कुणाकडूनही चोळून, दाबून किंवा मोडून घेऊ नका. पायाळू माणसाचा नुसता पाय लागण्यानं काही बिघडत नसेल, पण क्षयानं पोखरलेल्या मणक्याला दिलेला एक झटका मुलाचे दोन्ही पाय घालवू शकतो.

शिक्षकांसाठीची पानं मुद्दाम छोटी ठेवली आहेत, म्हणजे ती शिक्षकखोलीत लावता येतील. पाचवीच्या आणि दहावीच्या मुलांना एकाच मापाचा बाक पुरत नाही. तासाच्या मधे मुलांना मिनिटभर उभं राहू द्या. पाठ दुखते म्हणणाऱ्याला मागे उभं राहून ऐकायची मुभा द्या. आणि अंगठे धरून उभं करण्याची शिक्षा, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शारीरिक शिक्षेला बंदी केल्यानंतरही कुठे उरली असेल, तर ती आजच थांबवा. वाकून ताणलेली कंबर हा शिस्तीचा धडा होऊ शकत नाही.

मराठीत पाठ या शब्दाभोवती किती माया आहे! आपण पाठ थोपटतो, पाठीशी उभे राहतो, पाठराखण करतो. आपल्यानंतर जन्मलेल्या भावंडाला पाठचं म्हणतो. ज्या भाषेनं पाठीला इतका विश्वास दिला, तिच्यातच मुलाची पाठ दुखली तर 'नाटक करतो' हे वाक्य इतकं सहज यावं, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

ज्यांच्या दुखण्यांतून हे पुस्तक उभं राहिलं, त्या मुलांची नावं आणि ओळख सांगणाऱ्या सगळ्या खुणा मी काढून टाकल्या आहेत. त्यांच्या आई-वडिलांनी माझ्या प्रश्नांना कंटाळा न करता उत्तरं दिली, माझ्या चुका मला माफ केल्या. अस्थिरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि माझ्या सहकारी फिजिओथेरपिस्ट यांनी प्रकरणं वाचून दुरुस्त्या सुचवल्या. या सगळ्यांची मी ऋणी आहे. पुस्तक डॉक्टरांची जागा घेत नाही. डॉक्टरांकडे कधी जायचं आणि गेल्यावर काय सांगायचं, एवढं यातून कळलं तरी पुष्कळ.

युरियाचं पोतं उचललेला तो मुलगा शस्त्रक्रियेशिवाय बरा झाला. चार महिने लागले. शेवटच्या दिवशी दोघं बापलेक आले, तेव्हा मुलगा आधी खुर्चीवर बसला आणि वडील उभे राहिले. निघताना मुलानं दप्तर उचलायला हात पुढे केला, तसे वडील म्हणाले, "थांब. दुखतंय का आधी सांग." तो म्हणाला, "नाही दुखत." वडिलांनी त्याच्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं आणि दप्तर त्याच्या हातात दिलं.

सांगली
गुढीपाडवा